टिकली आणि रेघ

मिना,

तू गेल्यानंतरच्या महिन्याच्या मिस्सेला मी चर्चमध्ये शेवटून दुसऱ्या बाकावर बसले होते. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे मला इतक्या वर्षांनीही नीट जमत नाही. पुढच्यांकडे बघत मी सगळ्यांच्या मागून उठत होते, सगळ्यांच्या मागून बसत होते. एरवी तू शेजारी असायचीस आणि कोपराने ढोसायचीस. मिस्सा संपल्यावर बाहेरच्या आवारात एका बाईंनी आपुलकीने विचारलं, "तुम्ही मिनाच्या कोण?"

मी तुझी बहीण नाही, भावजय नाही, तुमच्या पॅरिशची नाही, तुझ्या होळी गावची नाही. "आम्ही बरोबर काम करायचो," एवढंच म्हटलं.

"डॉक्टर का तुम्ही पण? बरं, बरं," म्हणून त्या तुझ्या आईला भेटायला रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांगेत सगळी तुझी माणसं होती. मावशी, चुलत्या, भाचरं. एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होती. मी थोडा वेळ स्कूटरपाशी उभी राहिले आणि घरी आले. घरी कुलूप होतं. ह्यांची बदली नागपूरला, मुलगा शिकायला बंगलोरला, हे तुला माहीतच आहे. दार उघडून आत आले, चहा टाकला, आणि मग लक्षात आलं की आज काय झालं ते ज्या बाईला फोन करून सांगायचं तीच नाही.

म्हणून हे लिहितेय. तुझा जन्म कधीचा, तू कुठल्या कॉलेजात शिकलीस, तुझ्यामागे कोण कोण आहे, ते सगळं पेपरात आलं. बरोबर होतं सगळं. तिथे तुला "मनमिळाऊ" म्हटलं होतं. वाचून मला हसू आलं. तू आणि मनमिळाऊ! माझ्याशी तर तू पहिल्या दिवसापासून भांडत होतीस.

तो पहिला दिवस नालासोपाऱ्यातल्या तुळिंजचा. तेव्हा मोबाईल नव्हते. आपण दोघी भूल देणाऱ्या, आपापली बॅग घेऊन हिंडणाऱ्या. ज्या नर्सिंग होममधून घरच्या फोनवर निरोप येईल तिकडे जायचं. त्या दिवशी एकाच अपेंडिक्ससाठी सिस्टरने मला फोन केला आणि सर्जननी तुला. दोघी एकदमच जिना चढलो. सर्जन बिचारे ओशाळले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "एकीने भूल द्यायची, एकीने चहा प्यायचा. मला चहा चालेल."

पण चहा घेऊन तू बाहेर गेली नाहीसच. माझ्या खांद्यामागे उभी राहून सगळं ऑपरेशन बघितलंस आणि बाहेर पडताना म्हणालीस, "चांगलं केलंस. पण ट्यूब घालायच्या आधी तू श्वास रोखून धरतेस. पेशंटचा थांबलेला असतो ते ठीक, आपण कशाला थांबायचं?"

मला राग आला होता. पुढच्याच आठवड्यात मी आजारी पडले आणि माझ्या तीन केसेस तू परस्पर केल्यास. त्यानंतर कुणी मला बोलावलं काय नि तुला बोलावलं काय, दोघींना एकच. वसई, नालासोपारा, विरार. जिथे अवघड काम असेल तिथे आपण दोघी जायचो. लोक आपली नावं जोडीनेच घ्यायला लागले.

तुझा हात विलक्षण होता, हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण तुला ते माहीत होतं. शीर सापडत नसली की सिस्टर लोक तुझी वाट बघायच्या. मानेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत सुई घालायची, तर तेव्हा आपल्याकडे फक्त बोटं होती. धमनीचे ठोके लागले की त्याच्या बाहेरच्या अंगाला इतकं, खाली इतकं, सुई ह्या कोनात. आत काय आहे ते दिसायचं नाही. सुई आत गेली, मागे काळसर रक्त आलं, की देव पावला. लाल रक्त उसळून आलं तर धमनीत गेलो. आणि हवा आली तर... तो विचार आपण करायचोच नाही.

मग चांदीप गावची ती मुलगी आली. नावानिशी आठवते मला ती, तुलाही आठवायची. बाळंतपण घरीच झालेलं, रक्त थांबत नव्हतं, कुणाच्या तरी टेम्पोत घालून आणलेली. हातापायाच्या सगळ्या शिरा बसलेल्या. दातांवर ओठ सुकून चिकटले होते आणि ती सारखी म्हणत होती, "बाय, पानी दे. घोटभर पानी दे ना, बाय." पाणी द्यायचं नव्हतं. तू तिच्या कानाशी वाकलीस, म्हणालीस, "देते गं, शिरेतून देते," आणि हाडाखालून सुई घातलीस. एका झटक्यात लागली. त्या एका नळीतून आपण तिला रक्त चढवलं आणि ती जगली.

पण तासाभरात तिला दम लागला. सुईचं टोक फुप्फुसाला चाटून गेलं होतं. छातीत नळी घालावी लागली. आणखी बरेच दिवस तिला खाटेवर पडून राहावं लागलं, तान्ह्या बाळाला घेऊन. सगळे तुला म्हणाले, "होतं असं. तुम्ही नसतात तर ती गेलीच असती." खरंच होतं ते. मी पण तेच म्हटलं. तू माझ्याकडे असं बघितलंस की पुन्हा ते दोन शब्द मी तुझ्यासमोर काढले नाहीत.

"होतं असं म्हणजे काय?" तू स्कूटरवर मागे बसून माझ्या कानात ओरडत होतीस, वारा होता म्हणून. "आपण डोळे मिटून सुई मारतो, नंदा. आणि लागली की त्याला हात चांगला म्हणतो!"

त्या मुलीच्या घरी तू नंतर गेली होतीस. तिच्या सासूने तुला शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली. ती जुडी तू माझ्या टेबलावर आणून ठेवलीस.

मुंबईत कुठेतरी सोनोग्राफी लावून, शीर पडद्यावर बघत सुई घालायला शिकवतात, हे तू शोधून काढलंस. सुट्टीच्या दिवशी जायचीस. आलीस की माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगायचीस. मला आधी पटलंच नाही. सोनोग्राफी म्हणजे बाळ बघायची गोष्ट, असं माझं. तू फळांच्या टोपलीतलं केळं उचललंस. सुरीने आडवं कापलंस, चकती दाखवलीस. "ही शीर, आडवी बघितली तर. काळा गोल. सुई आली की त्यात एक पांढरा ठिपका दिसतो, टिकलीसारखा." मग दुसरं केळं उभं चिरलंस. "आणि ही शीर उभी. लांब काळा पट्टा. सुई पूर्ण दिसते, रेघेसारखी, टोकापर्यंत."

"मग उभंच बरं की," मी म्हटलं. "सगळी सुई दिसते."

"नाही, आडवंच बरं," तू म्हणालीस.

मिना, आपला सगळा वाद त्या दोन केळ्यांपासून सुरू झाला, आणि तो कधीच संपला नाही.

आपल्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये सोनोग्राफीचं मशीन होतं, पण ते गर्भलिंग तपासणीच्या कायद्याने त्या एका खोलीत जखडलेलं. बाहेर काढायचं नाही. मग सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना तू पटवलंस, की पेशंटलाच तुमच्या खोलीत आणतो, दुपारी तुमचं काम संपल्यावर. ते म्हणाले, "माणसावर करण्याआधी दुसऱ्या कशावर तरी करा बाई, माझ्या खोलीत काही झालं तर मी कुठे जाऊ?"

ते काही खोटं म्हणत नव्हते. म्हणून एका रविवारी मी होळीला तुझ्या घरी आले. तुझ्या आईचा केकचा डबा, चायना ग्रासची जेली, आणि पडद्यावर मांसासारखं धूसर दिसावं म्हणून त्यात इसबगोल. मधोमध रबराची नळी, लाल रंगाचं पाणी भरून दोन्ही टोकं बांधलेली. शेजारी दुसरी नळी, ती धमनी. तुझी आई वाडीतून भाजी खुडून आली आणि ओट्यापाशी थबकली. तुमच्या बोलीत काहीतरी म्हणाली. तिची बोली मला निम्मीच कळते.

"काय म्हणाल्या मावशी?"

"विचारतेय की हे खायचं कधी," तू म्हणालीस.

"मावशी, हे खायचं नाही, ह्याला सुया टोचायच्या."

ती माझ्याकडे आणि तुझ्याकडे बघत राहिली आणि मला कळेल अशा मराठीत म्हणाली, "दोन मुली एवढ्या शिकल्या, आणि करतात काय!"

तो डबा मी मांडीवर धरून, तू स्कूटर चालवत, आपण आणला. सोनोग्राफीवाल्यांनी डोक्याला हात लावला. पण आपल्याला जमलं. पहिल्यांदा त्या काळ्या गोलात तुझी टिकली उमटली तेव्हा तू पोरीसारखी ओरडलीस. आणि मी सोनोग्राफीचा प्रोब त्या जेलीवर उभा टेकवून सुई सरकवली, तेव्हा धूसर आभाळातून यावी तशी एक पांढरी रेघ हळूच आत आली, तिचं टोक नळीच्या कडेला टेकलं, कड किंचित दबली, आणि टोक आत गेलं. सगळं दिसलं मला. आयुष्यभर जे आंधळेपणाने केलं ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. मी त्याच दिवशी रेघेची झाले.

मग माणसांवर सुरू केलं, आणि भांडण रंगलं. तुझं म्हणणं, आडवं धरलं की शीर आणि तिच्या शेजारची धमनी दोन्ही एका वेळी दिसतात. प्रोबने दाबलं की शीर मिटते, धमनी मिटत नाही, ओळख पटली की झालं. लवकर होतं, आखूड मानेवर होतं, अंधारात शेजार कोणाचा हे माहीत असतं. माझं म्हणणं, ती टिकली म्हणजे सुईचं टोकच, हे कशावरून? सुईचा मधला दांडा कापला गेला तरी टिकलीच दिसते. तू टिकली बघत खूश, आणि टोक तोवर शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर. त्यावर तुझं, की टोकाबरोबर प्रोब पुढे सरकवत न्यायचा, टिकली नाहीशी झाली की टोक मागे राहिलं. त्यावर माझं, की एवढी कसरत कशाला, उभं धर ना. त्यावर तुझं, की उभं धरलं आणि हात केसभर सरला, की सुई गायब.

दोघींचं खरं होतं. ते दोघींनाही माहीत होतं.

कधीकधी ते लागायचं. विरारचे ते आजोबा आठव. डायलिसिससाठी नळी घालायची होती. मान आखूड, अंगावर सूज, सपाट झोपलं की गुदमरायचे. पाळी माझी होती. मी उभं धरलं. प्रोब टेकवायला जागाच नव्हती, रेघ दिसायची नि हरवायची. चादरीखालून ते विचारत होते, "झालं का हो, बाई?" मी म्हणत होते, "झालंच, आजोबा." शेवटी झालं, काही बिघडलंही नाही. बाहेर जिन्यात आल्यावर म्हणालीस, "नंदा, सुई स्वच्छ दिसावी म्हणून तू त्यांना एवढा वेळ चादरीखाली ठेवलंस. आडवं धरलं असतंस तर कधीच संपलं असतं. तू सुईकडे बघतेस. माणूस राहतो बाजूला."

"आणि तू?" मी म्हटलं. "तुला टोक न दिसताच पुढे जायची घाई असते."

"मला घाई चांदीपपर्यंत होती," तू म्हणालीस. "आता नाही."

त्यानंतर काही दिवस आपण बोललो नाही. मग एका सकाळी फोन वाजला आणि तू म्हणालीस, "नालासोपाऱ्याला एक अवघड मान आहे. येतेस?" मी आले. त्या भांडणाबद्दल ना तू बोललीस, ना मी. आपल्यात माफी मागायची पद्धतच नव्हती. पुढची केस यायची आणि आपण कामाला लागायचो.

तुझ्या आजाराचं मी इथे लिहिणार नाही. तुला त्याची चर्चा आवडायची नाही. एवढंच, की औषधांनी तुझ्या हातांच्या शिरा जाळून टाकल्या. एवढ्या लोकांच्या शिरा शोधणारी तू, तुझ्याच हातावर मुंबईचे लोक टोचून टोचून थकले. मानेतून नळी घालायला हवी असं ठरलं, तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "माझं माणूस आहे वसईला. ती घालेल."

मला कळल्यावर मी फोनवर नाही म्हटलं. "मिना, तिकडे मोठमोठे लोक आहेत. माझ्याच्याने होणार नाही."

"तुझ्याच्याने होईल. आणि ऐक, माझ्या मानेवर आपला वाद काढू नकोस. तुझ्या हाताला सवय आहे ते कर. रेघ तर रेघ."

तीच खोली, तीच दुपार. फक्त टेबलावर तू. केस गेलेले, डोक्याला तुझ्या आईने बांधलेला फुलाफुलांचा रुमाल. टेबलाचा डोक्याकडचा भाग खाली केला, तुझं तोंड डावीकडे वळवलं, आणि हिरवी चादर टाकली. चादरीत फक्त तुझी मान उघडी. मी आजवर तुझ्याइतकी कुणाच्या जवळ वावरले नाही, आणि तुझ्या मानेवर तीळ आहे हे मला तेव्हा कळलं.

जागा बधिर करायचं इंजेक्शन देताना तू हललीसुद्धा नाहीस. मी प्रोब उभा धरला. काळा पट्टा दिसला, पण बारीक, आणि तू श्वास घेतलास की दोन्ही कडा एकमेकींना चिकटायच्या. दोन दिवस उलट्या करून तू आतून सुकली होतीस. शीर उघडायची, मिटायची. मी सुई कुठल्या क्षणी सोडू?

"काय दिसतंय?" चादरीखालून तुझा आवाज.

"शीर दिसतेय."

"खरं सांग."

"मिटतेय, मिना. प्रत्येक श्वासाला मिटतेय."

"मग हात हलका कर. निम्मी तूच दाबतेयस. मला जाणवतंय."

मी हात हलका केला. थोडी उघडली. तरी पट्ट्याच्या मधोमध राहता येईना.

"अजून काय बघतेयस?" तू विचारलंस. "फिरव ना."

"आडवं?"

"नाही तर काय. माझी मान, माझी पद्धत. चालेल मला."

मी प्रोब फिरवला. काळा गोल आला, शेजारी ठोके देणारा दुसरा. तुझे ठोके. सिस्टरने तुझे पाय उचलून धरले, गोल जरा फुगला. सुई घातली. टिकली आली. तू मला इतकी वर्षं जे शिकवत होतीस आणि मी जे मुद्दाम शिकत नव्हते, ते मी तेव्हा केलं. टिकली दिसली की प्रोब पुढे, नाहीशी झाली की सुई पुढे, पुन्हा टिकली. हळूहळू. टिकली गोलाच्या मधोमध आली आणि सिरिंजमध्ये काळसर रक्त आलं.

"लागली," मी म्हटलं.

"कळलं," तू म्हणालीस. "तू श्वास सोडलास."

मग सुईतून तार आत घातली, आणि माझ्याने राहवलं नाही. प्रोब परत उभा केला. तार स्वच्छ दिसत होती, शिरेच्या बरोबर आतून, लांबच्या लांब, खाली हृदयाकडे गेलेली. पलीकडच्या भिंतीला कुठे धक्का नव्हता.

"आता उभं धरलंस ना?" चादरीखालून.

"हो. तार बघायला."

"हे चालणार नाही," तू म्हणालीस. "शिरताना आडवं, बघताना उभं. दोन्ही वापरलंस. आता कुणाचं बरोबर ते कसं ठरवायचं?" आणि तू हसायला लागलीस. हसल्याने मान हलायला लागली. मी ओरडले, "मिना, हलू नकोस!" सिस्टरही हसत होती. चादर काढली तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. हसून भरले की कशाने, मी विचारलं नाही. माझेही भरले होते. मास्क होता म्हणून बरं.

त्या नळीने तुला एक अख्खा पावसाळा दिला, आणि नाताळसुद्धा. त्या नाताळात तू माझ्या घरी येऊन खुर्चीत बसून होतीस आणि मला सूचना देत होतीस की करंज्या कशा तळायच्या. माझ्याकडे तू कधी स्वयंपाकघराबाहेर बसलीच नाहीस. त्या नाताळासाठी मी तुझी आभारी आहे. ते तेव्हा म्हणायला हवं होतं, पण करंज्या जळत होत्या.

मग नळी खराब झाली, ताप भरला, काढून टाकावी लागली. तू होळीच्या घरी, खिडकीशेजारच्या पलंगावर. मुंबईच्या डॉक्टरांनी मला फोन केला, की दुसऱ्या बाजूने नवी घालून द्या, औषध सुरू करू. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांशी बोलून खोली मोकळी ठेवायला सांगितली, रुग्णवाहिका बघितली, आणि बॅग घेऊन तुझ्याकडे आले. खिडकीबाहेर तुझ्या भावाने लावलेला मोगरा होता, आणि भाजीच्या वाफ्यांना पाणी सोडलेलं ऐकू येत होतं.

तू बॅगेकडे बघितलंस. "ती तिकडे ठेव."

"मिना, एकदाच. डावी बाजू चांगली आहे. मी बघितलीय मागे."

"आडवं की उभं?" तू विचारलंस. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू म्हणशील तसं."

"मग नको," तू म्हणालीस.

"म्हणजे?"

"तू भांडत नाहीयेस, नंदा. म्हणजे तुलाही माहितीये."

मला भांडता आलं नाही. त्या बॅगेत सगळं होतं, आणि हात आता दोन्ही पद्धतींना तयार होते. पण जे घालायचं ते तुला नको होतं. तुझी आई पेज घेऊन आली. तिने दोघींकडे बघितलं, वाटी तशीच टेबलावर ठेवली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली. मी तुझा हात हातात घेतला. सवयीने नाडी बघायला लागले, तर तू हात सोडवून घेतलास आणि माझ्या हातावर ठेवलास. "नुसती बस," म्हणालीस.

मी नुसती बसले. मला पुष्कळ सांगायचं होतं. तू नसलीस तर मी कुणाबरोबर काम करणार, ते. ह्या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा माझं कुणी नव्हतं, ते. त्याऐवजी मी तुला विरारच्या एका हर्नियाची हकिकत सांगत बसले. तू डोळे मिटून ऐकत होतीस आणि मध्येच म्हणालीस, "डोस जास्त दिलास." तेवढंच. त्यानंतर तुझ्याशी एकटीने बोलायला मिळालं नाही. फादर येऊन गेले, नातेवाईक भरले, आणि मी बाहेरच्या ओट्यावर बायकांत बसले. तू गेलीस तेव्हा मी तिथेच होते. आत बोलावतील असं वाटत होतं. कुणाला सुचलं नाही, आणि त्यांचा काही दोष नाही.

एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात इथल्या डॉक्टर लोकांनी मला बोलावलं. आता बऱ्याच नर्सिंग होममध्ये हे सुरू होतंय, तर दोन्ही पद्धती समजावून सांगा म्हणाले. घरात बसवत नव्हतं म्हणून हो म्हटलं. फळ्यावर गोल काढला, पट्टा काढला. आधी माझी बाजू मांडली. सुई पूर्ण दिसते, टोक दिसतं, पलीकडची भिंत वाचते. मग म्हटलं, "माझ्या मैत्रिणीचं मत वेगळं होतं," आणि तुझी बाजू मांडायला लागले. शेजारची धमनी दिसते. आखूड मान. श्वासाला मिटणारी शीर. गुदमरणारा माणूस. बोलता बोलता आवाज चढला माझा. तुझी बाजू मी माझ्यापेक्षा चांगली मांडली, मिना, तुझ्याहूनही चांगली असेल कदाचित. शेवटी सांगितलं की शिरताना आडवं धरावं, खात्री करताना उभं धरावं, आणि ज्याचा हात ज्याला सरावलाय त्याने तिथून सुरुवात करावी. असं गुळगुळीत उत्तर तू मला कधीच देऊ दिलं नसतंस. "म्हणजे तू काहीच ठरवलं नाहीस," म्हणाली असतीस.

मी खडू ठेवला आणि विचारलं, "कुणाला काही वेगळं वाटतं का?"

समोर हॉलभर माणसं होती. एकाने प्रोब निर्जंतुक कसा ठेवायचा ते विचारलं, ते सांगितलं. मग मी पुन्हा विचारलं. मुद्दाम थांबले. कुणीतरी उठावं आणि म्हणावं की बाई, हे चूक आहे. मी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली.

सगळ्यांना पटलं होतं, मिना.